नाताळच्या झाडाला भूषणें किती?

नाताळ जवळ आला कीं जर्मनींतल्या किंवा इंग्लंडांतल्या घरोघरीं एक ठरलेलें दृश्य दिसतें. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत सूचिपर्णी जातीचें एक हिरवें झाड उभें असतें, जमिनीवर जुन्या पेट्या उघडलेल्या असतात, कोणी शिडीवर चढून कांचेचे रंगीत गोळे फांद्यांना अडकवीत असतें, तर कोणी चार पावलें मागें सरून, मान तिरकी करून सांगत असतें, "अजून एक, तेथें डाव्या बाजूस!" थोड्या वेळानें तेंच माणूस म्हणतें, "आतां पुरे, फार झालें!" 'अजून एक' आणि 'आतां पुरे' या दोन उद्गारांच्या मधें कोठें तरी त्या झाडाची खरी शोभा असते. ती नेमकी कोठें, हा प्रश्न दिसावयास लहान. परंतु वाढत्या सुबत्तेच्या घरांत जो प्रश्न वर्षभर निरनिराळ्या रूपांनीं उभा राहतो, त्याचेंच हें सणासुदीचें रूप आहे.

या प्रश्नाचें उत्तर २०१२ सालीं गणितानें देण्यांत आलें. इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठांत गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाकडून एका मोठ्या दुकानदार कंपनीनें झाड सजविण्याचें सूत्र मागविलें. विद्यार्थ्यांनीं सांगितलें, झाडाची उंची सेंटिमीटरांत मोजावी, सतराच्या वर्गमुळानें तिला गुणावें, येणाऱ्या संख्येस विसांनीं भागावें, आणि जें उत्तर येईल तितके गोळे टांगावे. हिशेब करून पाहिला तर ही संख्या उंचीच्या पांचव्या हिश्श्याहून किंचित् अधिक भरते. १८० सेंटिमीटर उंचीच्या, म्हणजे साधारण पुरुषभर उंच झाडाला ३७ गोळे येतात. चकचकीत झालर ९ मीटर १९ सेंटिमीटर लागते. दिव्यांची माळ वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं जें प्रमाण असतें तितके पट, म्हणजे ५ मीटर ६५ सेंटिमीटर. आणि शेंड्यावरचा तारा उंचीच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे १८ सेंटिमीटर. वृत्तपत्रांनीं हें सूत्र मोठ्या हौसेनें छापलें. वाचकांनीं तें हंसत हंसत वाचलें असेल. तरी पुष्कळांनीं हातांत मोजपट्टी घेऊन आपलें झाडहि मोजलें असेल!

परंतु सूत्राचा खरेपणा पाहण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेणें अवश्य आहे. झाड सजविण्याची चाल चारशें वर्षांहून जुनी आहे. मग इतकीं शतकें लोकांचें या सूत्रावांचून कसें भागलें? त्याचें उत्तर असें कीं, भूषणें किती लावावीं हें त्या काळीं माणसानें ठरविण्याची गरजच नव्हती. झाडाची फांदी, घरची मिळकत आणि आगीची भीति या तिघांनीं तें आधींच ठरवून ठेवलें होतें.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर आल्सास नांवाचा प्रांत आहे. तेथील सेलेस्टा या नगराच्या हिशेबाच्या वहींत १५२१ सालची एक नोंद आहे. नाताळच्या सुमारास रानांतील झाडें कोणी तोडून नेऊं नयेत म्हणून पहारा करणाऱ्या वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याची ती नोंद. याच प्रांतांतील स्ट्रासबुर्ग शहराच्या १६०५ सालच्या वर्णनांत लोक दिवाणखान्यांत झाडें उभीं करतात आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदाचे गुलाब, सफरचंदें, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगतात असें म्हटलें आहे. सफरचंदाचें कारण धार्मिक आहे. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस मानीत. त्या दिवशींच्या नाटकांत नंदनवनांतील वृक्ष म्हणून सफरचंदें टांगलेलें हिरवें झाड रंगभूमीवर येई. तेंच झाड पुढें घरांत आलें असें मानतात.

आतां सफरचंद हें फळ वजनदार. देवदाराच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या फांदीला तें बांधलें कीं फांदी वांकते. दोन बांधलीं तर जमिनीकडे पाहूं लागते. म्हणजे किती सफरचंदें टांगावयाचीं हा निर्णय फांदीच देत असे. शिवाय तळघरांत राखून ठेवलेलीं फळें हिवाळाभर पुरवावयाचीं असत. तेव्हां झाडाला किती द्यावयाचीं आणि मुलांना किती, याचा हिशेब गृहिणीच्या मनांत पक्का असे. सण संपला कीं झाडावरचीं फळें आणि मिठाई मुलांच्याच पोटांत जात. तें भूषण पेटींत भरून पुढच्या वर्षासाठीं ठेवावयाचें नव्हतें.

मग मेणबत्त्या आल्या. १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्योटेच्या 'वेर्थर' या कादंबरींत मेणबत्त्या, मिठाई आणि सफरचंदें यांनीं नटलेल्या झाडाचा उल्लेख आहे. इंग्लंडांत राणी शार्लटनें १८०० सालीं विंडसर येथें असें झाड उभारलें. आणि १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणी व तिचे पति आल्बर्ट मुलांसह झाडाभोंवतीं उभीं आहेत असें चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत आलें, तेव्हांपासून मध्यमवर्गीयांच्या घरांतहि हें झाड प्रतिष्ठा पावलें. पण मेणबत्ती ही कडक शिस्तीची पाहुणी होती. तिच्या ज्योतीच्या वर मोकळी जागा लागते. शेजारीं कागद चालत नाहीं. सुकलेल्या पानाला ज्योत लागली तर सारें झाड क्षणांत पेटतें. म्हणून पुष्कळ घरांत झाडाजवळ पाण्याची बादली आणि काठीला बांधलेला ओला स्पंज तयार असे, आणि मेणबत्त्या थोडाच वेळ लावून लागलीच विझवीत. अशा झाडावर भूषणांची गर्दी करणें म्हणजे घर पणाला लावणें होतें. दोन भूषणांच्या मधली मोकळी जागा तेव्हां सौंदर्याकरितां नव्हती. ती जिवाच्या रक्षणाकरितां होती. आज ज्या प्रमाणबद्धतेचें आपण कौतुक करतों, तिचा उगम पुष्कळदां अशा व्यावहारिक भीतींत असतो.

यानंतरचा इतिहास या मर्यादा एकामागून एक गळून पडण्याचा आहे. आणि त्यांतील मुख्य प्रकरण लाउशा या गांवीं घडलें. जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांतल्या डोंगरांत, दाट रानांत, १५९७ सालीं येथें कांचेची भट्टी निघाली. भट्टीला लाकूड हवें, आणि रान तर दाराशींच होतें. तेथील एका कारागिरास खरीं सफरचंदें आणि अक्रोड विकत घेणें परवडेना, म्हणून त्यानें कांचेचीं फुंकून केलीं, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका असो वा नसो, १८४८ सालच्या एका कांचकामगाराच्या मागणी-वहींत नाताळच्या झाडासाठीं निरनिराळ्या आकारांच्या सहा डझन गोळ्यांची नोंद आहे. १८६७ सालीं गांवांत गॅसचा कारखाना निघाला. गॅसच्या ज्योतीची आंच हवी तशी कमीजास्त करतां येऊं लागली, तेव्हां अगदीं पातळ पडद्याचे मोठे गोळे फुंकणें साध्य झालें. १८७० च्या सुमारास गोळ्याच्या आंतून चांदीच्या क्षाराचा मुलामा देण्याची रीत रूढ झाली, आणि कांचेचा गोळा आरशासारखा लखलखूं लागला.

हा धंदा घरोघरीं चाले. कर्ता पुरुष दिव्याशीं बसून कांचेची नळी तापवी आणि फुंकर घालून गोळा फुगवी. बायको आंत मुलाम्याचें पाणी घालून गोळा हलवी व रंगांत बुडवी. खिळे मारलेल्या फळीवर गोळे वाळत पडत. मुलें त्यांना टोप्या बसवीत. मग स्त्रिया तो नाजूक माल मोठमोठ्या करंड्यांत भरून पाठीवर घेत आणि डोंगर उतरून सोनेबेर्ग येथील व्यापाऱ्यांकडे पोंचवीत. ओझें हलकें, पण एक पाऊल घसरलें तर साऱ्या घराची मेहनत मातीमोल! परक्या देशांतील एखाद्या गृहिणीनें 'अजून एक' म्हटलें, कीं त्या डोंगरी गांवांत एक फुंकर अधिक घालावी लागे. झाडावर किती गोळे शोभतात हा प्रश्न लंडनच्या दिवाणखान्यांत रसिकतेचा असेल. लाउशांत तो चुलीचा होता.

कांच पातळ झाली, तसा फांदीचा निषेध बंद पडला. १८८० सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत लँकेस्टर येथें फ्रँक वुलवर्थ नांवाच्या दुकानदारानें फारशी आशा न बाळगतां पंचवीस डॉलरांचीं कांचेचीं भूषणें घेतलीं. तीं दोन दिवसांत खपलीं. पुढें त्याच्या स्वस्त दुकानांची मालिका अमेरिकाभर पसरली आणि तिच्याबरोबर लाउशाचे गोळेहि पसरले. १८८२ सालीं न्यूयॉर्क येथें एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें आपल्या घरच्या झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ऐशीं विजेचे दिवे लावले. तेव्हां मेणबत्तीच्या शिस्तीलाहि ओहोटी लागली. दुसरें महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, जर्मन माल बंद पडणार हें ओळखून, अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें विजेच्या दिव्यांचे फुगे करणारें यंत्र या कामाला लाविलें. लाउशांतील कारागीर सगळ्या कुटुंबासह कित्येक दिवसांत जितके गोळे करी, तितके तें यंत्र मिनिटांत करूं लागलें. युद्धकाळांत धातूची टंचाई झाली तेव्हां मुलामा गेला, गोळ्यांच्या टोप्या कागदी झाल्या. पण गोळ्यांची संख्या कमी झाली नाहीं.

शेवटची मर्यादा प्लॅस्टिकनें मोडली. कांचेचा गोळा फुटतो. दर वर्षीं पेटी उघडली कीं दोनचार तुकडे निघत, एखादा लहान मुलाच्या हातून पडे, एखाद्यावर मांजराची झेप जाई. नवे आणलेले गोळे आणि जुने फुटलेले गोळे यांचा जमाखर्च जवळजवळ जुळत असे. प्लॅस्टिकचा गोळा फुटत नाहीं. तो वर्षानुवर्षें जमत जातो, आणि पेटी मात्र फुगत जाते. अशा रीतीनें फांदीनें, पैशानें, आगीनें आणि फुटण्यानें घातलेले चारहि निर्बंध सुटले. गृहिणीच्या हातीं पूर्ण स्वातंत्र्य आलें. आणि पूर्ण स्वातंत्र्याबरोबर नेहमीं येतो तसा गोंधळहि आला. सूत्राची गरज तेथें उत्पन्न झाली.

आतां त्या सूत्राची परीक्षा करण्यास हरकत नाहीं. झाडाचा आकार साधारणतः शंकूसारखा असतो. शंकूची उंची दुप्पट केली आणि रुंदीहि त्याच प्रमाणांत वाढविली, तर त्याचा पृष्ठभाग दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. म्हणून त्याच आकाराचे गोळे तितक्याच दाटीनें लावावयाचे असतील, तर दुप्पट उंच झाडाला चौपट गोळे लागतील. शेफील्डचें सूत्र मात्र दुप्पटच देतें. १८० सेंटिमीटरांच्या झाडास ३७ गोळे योग्य मानले, तर ३६० सेंटिमीटरांच्या झाडास पृष्ठभागाच्या न्यायानें १४८ हवेत. सूत्र ७४ सांगतें. उलट ९० सेंटिमीटरांच्या मेजावरील झाडास पृष्ठभागाच्या न्यायानें ९ पुरेत. सूत्र १९ लावावयास सांगतें. मग सूत्र चुकलें काय? तसें म्हणतां येत नाहीं. झाडाबरोबर गोळेहि त्याच प्रमाणांत मोठे घेतले, तर कोणत्याहि उंचीला ३७ गोळेच पुरतील. गोळे तेच ठेवले तर चौपट लागतील. सामान्य घरांत मोठ्या झाडाला थोडे मोठे गोळे घेतात, पण अगदीं दुप्पट मोठे घेत नाहींत. तेव्हां दुप्पट हें उत्तर त्या दोन टोंकांच्या मधें पडतें. व्यवहारास तें पुरेसें आहे.

यापेक्षांहि उपयोगी असा एक हिशेब त्याच शंकूंत दडलेला आहे. झाडाच्या उंचीचे तीन सारखे भाग कल्पावे. वरच्या भागाचा पृष्ठभाग एक धरला, तर मधल्याचा तीन आणि खालच्याचा पांच भरतो. म्हणजे ३६ गोळे असतील तर वरच्या तिसऱ्या हिश्श्यांत ४, मधल्यांत १२ आणि खालच्यांत २० हवेत. पुष्कळ घरांत झाड विद्रूप दिसतें तें गोळे फार झाल्यामुळें नव्हे. डोळ्यांच्या पातळीवर दाटी झाल्यामुळें आणि खालचा घेर उपाशी राहिल्यामुळें. संख्या तीच ठेवून केवळ वांटणी बदलली, तर तेंच झाड भरलेलें आणि तरी मोकळें दिसतें. लहान गोळे वर आणि मोठे खालीं ठेवावे. निसर्गांतहि फांद्यांची बळकटी त्याच क्रमानें असते.

मोजपट्टी जवळ नसली तरी चालेल. पुरुषभर उंच झाडाचा हिरवा भाग दीड मीटर उंच आणि तळाशीं एक मीटर रुंद धरला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारें अडीच चौरस मीटर होतो. ३७ गोळ्यांत तो वांटला, तर प्रत्येकाच्या वांट्यास सव्वीस सेंटिमीटर बाजूचा चौरस येतो. म्हणजे वीतभराहून थोडें अधिक अंतर. सहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा त्या जागेच्या जेमतेम चोविसाव्या हिश्श्यावर दिसतो. बाकीचे तेवीस हिस्से झाडाचे राहतात. गोळे दीडशें केले तर दोन गोळ्यांतील अंतर अर्ध्या वितेवर येतें, आणि मग पाहणाराला झाड दिसत नाहीं, गोळ्यांचा ढीग दिसतो. तेव्हां घरगुती नियम एवढाच कीं, दोन गोळ्यांच्या मधें एक वीत मावावी. झाड कोपऱ्यांत असेल तर भिंतीकडची बाजू कोणी पाहणार नाहीं. तेथले गोळे वगळले कीं तिसऱ्या हिश्श्याची बचत आपोआप होते.

सूत्राचा हट्ट धरूं नये याला एक मोठें उदाहरण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील झाडाचें आहे. तें वीस मीटरांहूनहि उंच असतें. सूत्रानें त्याला शेंकडों गोळे हवेत. प्रत्यक्षांत त्यावर गोळा एकहि नसतो! अलीकडील वर्षांत सुमारें ५०,००० दिवे आणि शेंड्यावर एक तारा, एवढाच त्याचा शृंगार. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत १९४७ पासून ऑस्लोचे नागरिक कृतज्ञतेनें जें झाड पाठवितात, त्यावरहि नॉर्वेच्या पद्धतीनें वरून खालीं सोडलेल्या दिव्यांच्या साध्या माळा असतात. दोन्ही झाडांना दरिद्री कोणी म्हणत नाहीं.

परंतु घरच्या झाडाची गोष्ट चौकांतल्या झाडाहून निराळी आहे. घरच्या पेटींतला प्रत्येक गोळा हा नुसता गोळा नसतो. एक आजीच्या माहेरचा. एक लग्नानंतरच्या पहिल्या नाताळांत आणलेला. एक धाकट्यानें शाळेंत कागदाचा केलेला, वेडावांकडा, रंग उडालेला. आणि एक अशा माणसाच्या हातचा, कीं जें यंदा झाडाभोंवतीं उभें राहण्यास नाहीं. सूत्र ३७ सांगतें आणि पेटींत ६० निघतात, तेव्हां खरा पेंच पडतो. तेवीस कोणते वगळावयाचे, हें गणित सांगूं शकत नाहीं. वगळलेल्या गोळ्याबरोबर एखाद्याची आठवणहि पेटींत राहिली असें घरांतल्या कोणास तरी वाटतें, आणि सणाच्या दिवशीं डोळ्यांत पाणी येतें. म्हणूनच कित्येक गृहिणी शोभेचा विचार बाजूस ठेवून सगळेच्या सगळे टांगतात. त्यांना अरसिक म्हणणें अन्यायाचें होईल.

तरीहि दाटीनें आठवणीचा मान राहतोच असें नाहीं. साठांच्या गर्दींत आजीचा गोळा शोधावा लागतो. तीसांत तो आपण होऊन दिसतो. आमच्याकडे दागिन्यांच्या बाबतींत शहाण्या सासवा सुनांना हेंच सांगत आल्या: पेटींतलें सगळें एकाच दिवशीं अंगावर घालावयाचें नसतें, आजची ठुशी, उद्यांची मोहनमाळ. तीच रीत येथें लागू पडते. ज्यांत माणूस आहे ते गोळे आधीं वेगळे काढावे. त्यांना डोळ्यांसमोरची जागा द्यावी. दुकानांतून डझनानें आणलेले, ज्यांना नांव नाहीं, गांव नाहीं, ते उरलेल्या जागेपुरतेच घ्यावे. नांवाचे गोळेच जास्त झाले तर वर्षाआड पाळी लावावी, आणि कोणाची पाळी यंदा हें मुलांना ठरवूं द्यावें. वडीलधाऱ्यांची गोष्ट अशा वेळीं मुलें आपण होऊन विचारतात.

मुंबई, वसई आणि गोवें येथील ख्रिस्ती कुटुंबांत गव्हाणीचा देखावा आणि दारावरचा कागदी तारा यांना नाताळांत मोठा मान आहे. झाड उभारणारे पुष्कळदां सुरूची फांदी आणतात. सुरूची पानें दोऱ्यासारखीं बारीक आणि फांद्या लवचिक. कांचेचें ओझें तिला सोसत नाहीं. कागदाच्या चांदण्या, कापसाचे पुंजके, पातळ झालर एवढेंच ती पेलते. म्हणजे जुन्या आल्सासमध्यें सफरचंदाच्या भारानें फांदी जो निवाडा देई, तोच निवाडा कोंकण-किनाऱ्यावर सुरू आजहि देते. ज्यांच्या घरीं असा निवाडा देणारी फांदी उरली नाहीं, ज्यांचें झाडहि तारेचें आणि प्लॅस्टिकचें आहे, त्यांना तो आपल्या मनानें द्यावा लागेल. पेटींत कांहीं गोळे शिल्लक राहिले म्हणून सण उणा होत नाहीं. आणि एखादी फांदी मुद्दाम मोकळी ठेवली, तर घरांत पुढें येणाऱ्या माणसाच्या हातच्या गोळ्याला तेथें जागा सांपडते.